एचडीएमआय केबलवर अडीच हजार घालवू नका, ते पैसे भिंतीतल्या पाइपावर आणि स्पीकरवर घाला

टीव्हीचं बिल करताना सेल्समन एकदा तरी विचारतोच, "सर, एचडीएमआय केबल कुठली देऊ? फोर-के टीव्ही आहे तुमचा, त्याला चांगलीच लागेल." मग काउंटरखालून एक जाडजूड, वेणी घातलेली, सोनेरी तोंडाची केबल निघते, खोक्यावर एमआरपी ४,००० आणि आपल्याला ती २,५०० मध्ये. ६०,००० चा टीव्ही घेणारा माणूस त्या अडीच हजारांसाठी घासाघीस करत बसत नाही, घरी जायची घाई असते, पोरं गाडीत बसलेली असतात. दुकानदाराचंही गणित समजून घ्या, ऑनलाइन सेलशी टक्कर देता देता टीव्हीवर त्याला फार काही सुटत नाही, सुटतं ते केबल, वॉल माउंट, स्टॅबिलायझर आणि एक्स्टेंडेड वॉरंटीत. त्याला नावं ठेवायची नाहीयेत मला. पण आपण काय घेतोय हे आपल्याला कळलं पाहिजे, कारण हेच अडीच हजार दुसरीकडे टाकले तर घरातला आवाज आणि चित्र खरोखर सुधारतं.

मी कुठलीही केबल घेताना दोनच गोष्टी बघतो. तिच्यातून काय जाणार आहे आणि किती लांब जाणार आहे. ब्रँड, रंग, सोनं, वेणी हे सगळं त्यानंतर.

एचडीएमआयपासूनच सुरू करू कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. या केबलमधून चित्र जात नाही, आकडे जातात, शून्य आणि एक, एका सेकंदाला अब्जावधी. ते आकडे पलीकडे बरोबर पोचले की टीव्हीला तंतोतंत तेच चित्र मिळतं जे सेट-टॉप बॉक्सने पाठवलं, मग केबल ३०० ची असो की ३०,००० ची. आणि नाही पोचले तर चित्र थोडं फिकट किंवा थोडं धूसर होत नाही, सरळ पांढरे ठिपके चमकायला लागतात, स्क्रीन मधेच सेकंदभर काळी होते, नाहीतर नो सिग्नल येतो. त्यामुळे "या केबलने रंग जास्त खुलतात" असं कुणी म्हणालं तर ते होऊच शकत नाही. रंग खुलवायचे तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तो व्हिव्हिड मोड बंद करा आणि सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, त्याला एक पैसा पडत नाही.

मग सगळ्या केबल सारख्याच का? नाही, आणि इथेच नीट बघायला पाहिजे. केबलच्या जाती ठरलेल्या आहेत. हाय स्पीड म्हणजे १०.२ जीबीपीएस (सेकंदाला इतके अब्ज शून्य-एक), प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ जीबीपीएस, आणि अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ जीबीपीएस. फुल एचडी सेट-टॉप बॉक्सला पहिली जात भरपूर झाली. फोर-के, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र), सेकंदाला ६० फ्रेमवाल्या ओटीटी बॉक्सला १८ वाली लागते. फोर-के १२० हर्ट्झवर गेम खेळायचे असतील तरच ४८ वाली, आणि त्यातही गंमत बघा, प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घेतला तर ती केबल खोक्यातच येते, वेगळी घ्यायचं कारणच नाही. २०२५ च्या जानेवारीत एचडीएमआय २.२ जाहीर झालंय, ९६ जीबीपीएसचं, पण आज घरात असलेल्या टीव्हीला त्याचा काही उपयोग नाही, त्यामुळे त्या नावावर कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

आणखी एक, खोक्यावर मोठ्या अक्षरात "२.१ व्हर्जन", "८के" लिहिलेलं असतं त्याकडे बघून ठरवू नका. व्हर्जनचा आकडा हा मशीनचा असतो, केबलची असते ती जात. सर्टिफाइड प्रीमियम आणि अल्ट्रा केबलच्या खोक्यावर एक चकचकीत स्टिकर असतो, क्यूआर कोडवाला, आणि एचडीएमआयचं स्वतःचं अधिकृत ॲप आहे, ते मोबाइलमध्ये टाकून कोड स्कॅन केला की केबल खरी की खोटी ते तिथल्या तिथे दिसतं, कंपनीचं नाव आणि लांबीसकट. अल्ट्रावाल्या केबलच्या अंगावर पण "अल्ट्रा हाय स्पीड एचडीएमआय केबल" असं छापलेलं असलंच पाहिजे. दुकानात उभं राहून हे स्कॅन करायला लाजू नका. २ मीटरची बऱ्यापैकी १८ वाली केबल साधारण ३०० ते ५०० रुपयांत मिळते आणि स्टिकरवाली अल्ट्रा हजाराच्या आसपास. त्याच्या वर जे जातं ते तुम्ही दिसण्यासाठी देताय, आणि केबल तर टीव्हीच्या मागे असते.

एमआरपीचंही सांगतो. आपल्याकडे खोक्यावर एमआरपी छापावीच लागते, पण ती किती छापायची हे कंपनीच ठरवते. केबलच्या धंद्यात १,९९९ छापून ३९९ ला विकणं रोजचं आहे, त्यामुळे "८०% सूट" या शब्दाला केबलच्या बाबतीत काडीची किंमत देऊ नका, मीटरमागे किती पडतंय तेवढं बघा.

हे महाग केबलचं खूळ काही आजचं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत नोएल ली नावाच्या इंजिनियरने मॉन्स्टर केबल ही कंपनी सुरू केली, त्याआधी लोक स्पीकरला टेबल लॅम्पची साधी वायर लावायचे आणि दुकानदार ती फुकट द्यायचे. लीचा जाड वायरचा मुद्दा लांब अंतरासाठी चुकीचा नव्हता, पण त्यातून अख्खी बाजारपेठ उभी राहिली आणि वायर हीच एक वेगळी वस्तू म्हणून विकली जायला लागली. २००८ मध्ये तर डेनॉन या जपानी ऑडिओ कंपनीने दीड मीटरची एक इथरनेटसारखी केबल ४९९ डॉलरला आणली, तिच्यावर सिग्नल कुठल्या दिशेने जातो त्याचे बाण होते. डिजिटल केबलला बाण! ऑडिओची आवड असलेल्या माणसाचं मन मोठं असतं, त्याला आपलं गाणं आणखी चांगलं ऐकायचं असतं, आणि त्या ओढीचाच असा फायदा घेतला जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

(बाण खरे असतात असंही एक ठिकाण आहे, त्याकडे येतो.)

आता लांबी. साधी तांब्याची एचडीएमआय २-३ मीटरपर्यंत आरामात चालते, १८ वाली ५ मीटरपर्यंत बहुतेक वेळा चालते, त्याच्या पुढे मात्र स्वस्त केबल दगा देते आणि इथे पैसे टाकायलाच लागतात. प्रोजेक्टर छताला, रिसिव्हर (सगळे बॉक्स आणि स्पीकर जोडायचा ॲम्प) खाली कपाटात, मध्ये १० मीटर, असं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, म्हणजे आत काचेची फायबर आणि दोन्ही टोकांना बारीक चिप असलेली. तीन-चार हजारांच्या पुढे पडते पण ते पैसे रास्त आहेत. आणि हीच ती बाणवाली केबल, हिचं एक टोक "सोर्स" आणि एक टोक "डिस्प्ले" असतं, उलटी लावली तर चालतच नाही. भिंतीतून ओढायच्या आधी टोकं वाचा, आणि ओढायच्या आधी एकदा जमिनीवरच दोन्हीकडे जोडून तासभर सिनेमा चालवून बघा.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर तो नीट लिहितो, कारण लोकांचे सगळ्यात मोठे पैसे केबलवर जात नाहीत, ते इथे जातात. नवीन फ्लॅटचं इंटिरियर करताना टीव्ही युनिटचं पॅनल होतं, आणि सुतार किंवा इलेक्ट्रिशियन एचडीएमआय केबल पॅनलच्या मागून किंवा थेट भिंतीत गाडून टाकतो, वर पुट्टी, वर लॅमिनेट, काम खलास. पाच वर्षांनी टीव्ही बदलला, जुनी केबल नव्या टीव्हीला पुरत नाही, किंवा आतल्या आत वाकून तुटली, की अख्खं पॅनल खोला. माझ्या मावसभावाच्या फ्लॅटचं काम चालू असताना मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो होतो. इलेक्ट्रिशियनदादा नेहमीचा एक इंची पाइप टाकत होते. मी त्यांना म्हटलं, "दादा, या केबलचं डोकं बघा एकदा," आणि एचडीएमआयचं टोक पाइपच्या तोंडाला लावून दाखवलं. सरळ पाइपात ते जातं, पण पाइपला कोपऱ्यात एल्बो आला की डोकं तिथे अडकून बसतं, कारण डोकं ताठ असतं, ते वळत नाही. त्यांनी स्वतःच घालून बघितलं, अडकलं, मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, दीड-दोन इंची टाकू आणि एल्बोऐवजी लांब बेंड देतो." आतून एक नायलॉनची दोरी कायमची ओढून ठेवली, दोन्ही टोकांना गाठ मारून, म्हणजे उद्या कुठलीही नवी केबल त्या दोरीला बांधून ओढता येईल. पाइपाचे जास्तीचे पैसे अगदी किरकोळ होते. भावाने मला विचारलं होतं, "दादा, केबल कुठली घेऊ ते सांग ना," आणि मी त्याला सांगितलं की केबल कुठलीही घे रे, पाइप जाड घे. विजेच्या वायरींचा पाइप मात्र वेगळाच ठेवा, एकाच पाइपात २३० व्होल्ट आणि सिग्नलची केबल कधीच नाही.

साउंडबारला एचडीएमआय लावायची तर तिथे आणखी कमी काळजी. ईआर्क म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच साउंडबारला पाठवायची सोय, आर्क ही तिची जुनी आवृत्ती. ईआर्कमधून आवाज जातो तो जास्तीत जास्त ३७ एमबीपीएस, चित्राच्या १८ जीबीपीएसपुढे हे काहीच नाही, "हाय स्पीड विथ इथरनेट" लिहिलेली साधी केबल पुरते आणि बहुतेक साउंडबारच्या खोक्यात ती येतेच. आवाज येत नाही म्हणून लोक केबल बदलत बसतात, पण बहुतेकदा केबल चुकीच्या पोर्टला लागलेली असते. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी आर्क किंवा ईआर्क सहसा एकाच पोर्टवर असतं, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च मारून वाचा. ऑप्टिकल ऑडिओ केबल पण चालते, तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली ती पद्धत अजून टिकून आहे, फक्त तिच्यातून दोन चॅनल किंवा डॉल्बी डिजिटलसारखा ५.१ आवाज एवढंच जातं, ब्लू-रेचा पूर्ण डॉल्बी ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) नाही. आणि ऑप्टिकल केबलला सोन्याचा मुलामा दिलेला दिसला तर लक्षात घ्या की आतून प्रकाश जातोय, वीज नाही, सोन्याचं तिथे काही कामच नाही.

सोनं बाकी ठिकाणी अगदीच निरुपयोगी असंही नाही. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा मुंबईत समुद्राच्या जवळ राहत असाल तर खारट दमट हवेने आरसीएच्या (लाल-पांढऱ्या ऑडिओ केबलच्या) पिना काळ्या पडतात आणि आवाजात खरखर येते, सोनं गंजत नाही म्हणून तिथे सोनेरी पिन बरी. पण तो मुलामा इतका पातळ असतो की त्याने केबलची किंमत फार वाढायला नको, २०-३० रुपयांच्या पिनांवरही असतो. आणि साधी पिन असेल तर पावसाळा संपला की कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा, पिन दोन-चार वेळा आतबाहेर करायची, झालं.

आता माझ्या आवडीचा विषय, स्पीकर वायर. इथे फसवणूक वेगळी आहे, इथे महागापेक्षा स्वस्तात जास्त फसतो माणूस. बाजारात पारदर्शक प्लास्टिकमधली, एका बाजूला तांबूस आणि एका बाजूला चंदेरी दिसणारी जी वायर मिळते तिच्यातली बरीचशी सीसीए असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ थर. तिचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) तांब्याच्या साधारण दीडपट, तारा दोन-तीनदा पिळल्या की तुटतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात मी वायर बघत होतो, मालकांना विचारलं, "काका, कॉपर आहे का सीसीए?" ते म्हणाले, "प्युअर कॉपर आहे साहेब, गॅरंटी." मी म्हटलं, टोक सोलून बघू का? सोललं, एक तार नखावर धरली आणि ब्लेडने हळूच खरवडली. वरची तांबूस झिलई निघाली आणि खाली पांढरी चंदेरी धातू दिसायला लागली. काकांनी काहीही वाद न घालता खालच्या फळीवरून दुसरा रोल काढला. त्यातली तार खरवडली तर आतपर्यंत लालसरच. दोन्ही रोल हातात घेतले तर वजनातला फरक लगेच कळतो, तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. मीटरला भाव वेगळा पडला आणि तो मी आनंदाने दिला. चंदेरी दिसणारी प्रत्येक तार वाईट असं मात्र नाही हं, कधीकधी ती कल्हई केलेलं तांबं असते, म्हणून खरवडून बघायचं.

किती जाड घ्यायची? शुद्ध तांब्याची १.५ स्क्वेअर एमएम वायर १० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन २० मीटरचा रेझिस्टन्स ०.२३ ओहमच्या आसपास येतो. स्पीकर ८ ओहमचा असेल तर हे ३% च्या खाली, आणि वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ५% च्या आत ठेवा असा जुना ठोकताळा आहे, त्यात सहज बसतं. ४ ओहमचा स्पीकर असेल तर २.५ स्क्वेअर एमएम घ्या. बस, याच्या पुढे विज्ञान नाही. आणि हे आपल्याकडे कुणी सांगत नाही पण घराच्या वायरिंगला वापरतात ती आयएसआय मार्कवाली फ्लेक्सिबल वायर, फिनोलेक्स घ्या, पॉलिकॅब घ्या, तिच्यात चांगलं तांबं असतं आणि जाडी छापलेली असते तेवढी असते. ९० मीटरचं कॉइल येतं, नवीन घराच्या कामात लाल-काळ्याचे तुकडे उरलेलेच असतात, दोन वायरी एकमेकींना पिळून घ्या की स्पीकर वायर तयार. दिसायला शोरूमसारखी नाही, पण तिच्यातून जाणारा आवाज मीटरला हजार रुपयेवाल्या वायरीतून येतो तसाच येतो. लाल प्लसला आणि काळी मायनसला, दोन्ही स्पीकरला सारखीच, नाहीतर बेस गायब होतो.

हौशी नाटकवाले आणि सोसायटीतले सांस्कृतिकवाले यांच्यासाठी थोडं वेगळं. माइकच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबल तयार घेण्यापेक्षा मीटरवर वायर आणि सुटे कनेक्टर घेऊन सोल्डर करून घ्या, स्वस्त पडतं आणि उद्या तुटली तर दुरुस्तही होते, साच्यात बंद केलेली पिन तुटली की फेकायचीच. न्यूट्रिक या नावाजलेल्या कनेक्टर कंपनीच्या नावाने नकली कनेक्टर खूप येतात, खऱ्याचं धातूचं अंग जड आणि गुळगुळीत असतं, खटका ठाम लागतो, नकली हलकं वाटतं आणि केबल आतून पकडत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर तिथल्या भाषेत मागा, जाड मोनो पिन म्हणजे पी-३८, मोबाइल-लॅपटॉपची बारीक स्टीरिओ पिन म्हणजे ईपी. लॅपटॉप साउंड मिक्सरला जोडला आणि घूंऽऽ असा आवाज आला तर महाग केबलने तो जात नाही, तो आपल्या विजेच्या ५० हर्ट्झचा हम असतो, अर्थिंगच्या लूपमधून येतो. लॅपटॉप, मिक्सर, ॲम्प सगळं एकाच बोर्डावर लावून बघा, नाही गेला तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (आवाज जाऊ देणारी पण अर्थिंगचा लूप तोडणारी डबी) मध्ये घाला. घरी असाच हम असेल तर सेट-टॉप बॉक्सच्या मागची डिश किंवा केबलची कोॲक्स वायर काढून बघा, थांबला तर दोष तिथे आहे. काही लोक अर्थिंगची तिसरी पिन तोडतात किंवा टेप लावतात, हे कृपा करून कधीही करू नका, हम परवडला, शॉक नाही.

यूएसबी-सीचं थोडक्यात. दोन्ही टोकं सारखी दिसतात म्हणून केबल सारखी नसते. मोबाइल चार्जरबरोबरची बरीचशी सी-टू-सी केबल आतून यूएसबी २.०, म्हणजे ४८० एमबीपीएस, तिच्यातून मॉनिटरला चित्र जाणारच नाही. मॉनिटरसाठी घेताना वर्णनात व्हिडिओ आणि १० जीबीपीएस किंवा जास्त असं स्पष्ट लिहिलंय का बघा, आणि लॅपटॉपच्या त्या पोर्टला डिस्प्लेपोर्टची, म्हणजे चित्र बाहेर पाठवायची सोय आहे का ते आधी.

शेवटी केबलमधून वाचवलेले पैसे जिथे जातात त्या स्पीकरबद्दल. पूर्वी टू-इन-वनवर "१२०० वॉट पीएमपीओ" लिहायचे, त्या पीएमपीओला काही ठरलेलं मोजमापच नव्हतं, मनाला येईल तो आकडा. आता शब्द बदललाय, पण खोक्यावरचे मोठाले वॉट तसेच आहेत. साउंडबार उलटा करा आणि ॲडॅप्टरवरचं स्टिकर वाचा. १९ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा, ५७ वॉट. ॲडॅप्टरमधून ५७ वॉट घेणारं मशीन सलग ४०० वॉट देऊ शकत नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. मी तर म्हणेन २०-२५ हजारांचं बजेट असेल तर एक बरा जुना स्टीरिओ ॲम्प आणि दोन पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेले) स्पीकर बघा, सोनोडाइनसारख्या आपल्याकडच्या कंपनीचे जुने स्पीकर चांगल्या स्थितीत मिळतात. घेताना स्पीकरच्या कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याच्या, कडेचा फोम किंवा रबर बोटाने हळूच दाबून बघा, भुगा पडला तर भाव पाडा किंवा सोडा, आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते का ते ऐका. स्वतःचं गाणं मोबाइलमध्ये घेऊन जा, जे तुम्हाला पाठ आहे ते, आणि दुकानदार घाई करत असला तरी ते पूर्ण ऐका.